काचेआडचा पांढरा अंगठा

"वाचनालयातील युद्धनौकेच्या प्रतिकृतीचे कठडे मुलांच्या निष्काळजी हाताळणीमुळे मोडले आहेत. सबब बालविभाग बंद करण्यात येत असून ग्रंथपालबाईंना त्या जबाबदारीतून मुक्त करण्यात येत आहे. – चिटणीस."

सूचना सुवाच्य होती. तिच्यात उणीव एकच : ती खोटी होती.

मुलांनी नौका हाताळली होती, हे खरे. सुटीभर त्यांनी दुसरे काही केलेच नव्हते! ही हातभर लांबीची नौका देणगीत आली, तेव्हा तिचा डेक तळहातासारखा उघडाबोडका होता. ग्रंथपालबाईंनी बालविभागातले मोठे टेबल चिमटी, भिंग आणि गडगड्या अशा टोपणनावांच्या तिघा मुलांच्या हवाली केले, स्वतःचा टेबलदिवा घरून आणून दिला, आणि 'हळू बोला' एवढेसुद्धा कधी म्हटले नाही. त्या उपकाराची फेड म्हणून चिमटीने तांब्याच्या बारीक तारेचे कठडे वळले, भिंगाने टाचण्यांच्या डोक्यांपासून दोर बांधायचे खुंट केले आणि गडगड्याने आईच्या तुटक्या साखळीचा नांगराला साखळदंड केला, तोही तोंडाची टकळी न थांबवता. मग नौका काचेच्या पेटीत गेली आणि पेटीची किल्ली चिटणिसांच्या खिशात.

"कुलूपबंद पेटीत आपण शिरलो कसे? वाफ होऊन?" चिमटी कडाडली.

"मी तर दारातूनही कसाबसा शिरतो!" गडगड्या म्हणाला.

ग्रंथपालबाई खोक्यात आपला दिवा ठेवत होत्या. "जाऊ द्या रे. तुमचं जहाज पुरं झालेलं पाहिलं, मला तेवढं पुष्कळ आहे."

"आम्हाला नाही, बाई!" भिंगाने काचेला नाक लावले. "चिमटे, कठडे आपण कशाने चिकटवले होते?"

"पांढऱ्या गोंदाने. सावकाश वाळतो, पण डाग पडत नाही."

"मग हे मोडके तुकडे झटपट गोंदाने कोणी जोडून ठेवलेत? बघ, मुळाशी कशी पांढरी साय धरलीय!"

चिमटीचे डोळे विस्फारले. "म्हणजे आपला पहिल्या आठवड्यातला घोटाळा!"

त्या आठवड्यात तिघांनी झटपट गोंद वापरून वर प्लास्टिकचा डबा पालथा घातला होता. सकाळी पाहतात तो गोंदाच्या वाफेने कठडा पांढराफटक, आणि डब्याच्या आत गडगड्याच्या बोटांचे ठसे रांगोळीसारखे उमटलेले!

"बाई, दिवा!" तिघे एकदम ओरडले. "दिवा बाहेर काढा!"

बाईंनी दिवा काचेवर तिरका धरला. काचेच्या आतल्या अंगाला एका पंज्याचा पांढरा ठसा उजळून निघाला. रेघ न् रेघ स्पष्ट, अंगठ्यावर जुन्या जखमेची आडवी खूण.

गडगड्याने बाहेरून आपला पंजा लावून पाहिला. "अरे, माझाही यात हरवतो! एवढा मोठा हात मुलाचा असेल, तर त्याला वर्गात बाक पुरायचा नाही!"

दुपारी वाचनालयाच्या अध्यक्ष आजी वर्तमानपत्र वाचायला आल्या. चिमटीने त्यांना पेटीपाशी नेऊन ठसा दाखवला. मागोमाग चिटणीस आले.

"चिटणीस, पेटीची किल्ली कोणाकडे असते?" आजींनी विचारले.

"अर्थात माझ्याकडे!" चिटणीस छाती फुगवून म्हणाले. "ती मी कधीही, कोणाच्याही हाती देत नाही!"

"छान. आता जरा उजवा अंगठा दाखवा बरं."

अंगठा खिशात गेला, थेट किल्लीच्या शेजारी. आजी हात पुढे करून थांबल्या. शेवटी तो बाहेर आला, आडव्या खुणेसकट. 'निष्काळजी हाताळणी' हे शब्द चिटणिसांनी अचूक निवडले होते. हात तेवढे दुसऱ्यांचे सांगितले होते.

आजींनी सूचना स्वतः फाडली. "शाबास, पोरांनो! आमच्या अख्ख्या मंडळाला जे दिसलं नाही, ते तुम्ही पाहिलंत."

बाईंनी दिवा पुन्हा टेबलावर ठेवला. "तुमचे उपकार कसे फेडू रे?"

"बाई, आधी आमची फेड तर पुरी होऊ द्या!" चिमटीने तारेचे रीळ काढले. "कठडे पुन्हा वळायचेत."

आजींच्या आज्ञेवरून त्याच फलकावर, त्याच सुवाच्य अक्षरात नवा कागद लागला :

"नौका मीच बाहेर काढली. तिच्यासोबत माझा फोटो हवा होता. मी तिला कठड्याला धरून उचलले. मला वाटले, कठडा धरण्यासाठीच असतो. – चिटणीस."