निळ्या टाकीचं पाणी

बारा वर्षांनी येणारा मेळा दांडगा भरला होता. मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी. साथ पसरण्याआधीच तिचा माग लागावा म्हणून नर्सबाई रोज तंबूतंबूत फिरून विचारत, "कुणाला ताप, उलट्या, जुलाब?"

पण खरं सांगेल तर शपथ! आजारी म्हटलं की दवाखान्याच्या तंबूत रवानगी, आणि मेळा हुकला. पोट धरून दुमडलेला माणूससुद्धा म्हणे, "छे हो बाई, व्यायाम करतोय." नर्सबाईंच्या सासूबाईही मेळ्याला आलेल्या. सकाळपासून झुडपाआड येरझाऱ्या, तोंड पांढरंफटक, पण विचारलं तर फणकारा, "सासूच्या पोटाची चौकशी करतेस? आधी आमटी नीट करायला शीक."

दिवस कलता कलता धुळीचं वादळ उठलं. उजेड मळकट झाला, माणसांचे आवाज लांब गेल्यासारखे वाटू लागले. शेवटच्या तंबूत कुबट पाण्याचा वास कोंडला होता. कोपऱ्यात एक म्हातारा उकिडवा बसलेला.

"जुलाब?"

"होतायत की!" म्हातारा खुलला.

"उलट्या?"

"भरपूर!"

नर्सबाईंना वाटलं, याच्या पाया पडावं. "पाणी कुठलं पिता, बाबा?"

"टेकाडामागच्या निळ्या टाकीचं. तुमच्या सासूबाईही तिथलंच पितात. गोड लागतं म्हणाल्या."

"आणि हे कधीपासून?"

"मागच्या मेळ्यापासून..."

मागच्या मेळ्याला नर्सबाई परकरात होत्या. त्यांनी म्हाताऱ्याचं मनगट धरलं. गारढोण. नाडी... लागेना.

"दुसरा हात बघा," म्हातारा अगत्यानं म्हणाला. "तिथंही नाहीये, पण तुमचं समाधान."

नर्सबाई पळाल्या. पळाल्या त्या थेट निळ्या टाकीकडे. झाकण उचललं, तर नाल्याचं पाणी आत झिरपत होतं. टाकी बंद करवली, सासूबाईंना उचलून खाटेवर घातलं, सलाईन लावलं. दिवेलागणीला सासूबाईंनी पहिली शिवी हासडली, तेव्हा कुठं सुनेचा जीव भांड्यात पडला.

"म्हातारा भला हो," सासूबाई पुटपुटल्या. "आत्ताच बसून गेला. म्हणाला, एवढ्या वर्षांत कुणीतरी धड विचारलं... बाकीच्यांनाही घेऊन येतो."

"बाकीचे... किती?"

सासूबाईंचा डोळा लागला होता.

वारा पडला होता. कनातीपलीकडे कुणीतरी हळूच खोकलं. त्याच्यामागे आणखी कुणी. मग त्याच्याही मागे... खोकल्यांची रांग पार टेकाडापर्यंत गेली. नर्सबाईंनी कनात सारली. चिटपाखरू नव्हतं. धुळीत एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

फक्त एक ओलं, गारठलेलं, इवलंसं मनगट आपणहून त्यांच्या मुठीत शिरलं.