मेलेल्या जेबेझचं लग्न

"आधी मेला आणि मग लग्नाला उभा राहिला? कमालच आहे!" टिली किंचाळली.

"हळू बोल गं, आजी ऐकेल!" तिचा भाऊ रोलंड म्हणाला.

आजीने ऐकलंच होतं. मांडीवरचे वाटाणे न सोलता ती खिडकीशी बसली होती. हे घर गावच्या ट्रस्टचं. अ‍ॅडम क्वांट्रिलने ते आपला मुलगा जेबेझ याच्या वंशजांसाठी ठेवलेलं. पण ट्रस्टचे सेक्रेटरी मिस्टर कटबुश सकाळीच बजावून गेले होते. चर्चच्या नोंदींत जेबेझचं दफन फेब्रुवारी १७३१ मधलं आणि लग्न जून १७३१ मधलं! म्हणजे नवरदेव त्याच नावाचा कुणी दुसराच. आजी त्या दुसऱ्याच्या वंशातली, तेव्हा तिने घर सोडायचं!

"त्यांनी मूळ वही तरी पाहिली का?" शेजारच्या नेलने विचारलं.

"छे! टाइप केलेली यादी. तारखा कटबुशनीच क्रमाने लावलेल्या!" रोलंड म्हणाला.

"मग बसलोय काय? चला चर्चमध्ये!"

पाद्रीसाहेबांनी तिघांना हात धुवायला लावले आणि पेटीतली जुनी वही काढून दिली. नेल वाचू लागली.

"जून १७३१, जेबेझ आणि सुझनाचं लग्न... डिसेंबर १७३१... जानेवारी १७३१?"

"बत्तीस म्हण, वेंधळे!" रोलंड म्हणाला.

"एकतीसच लिहिलंय, तूच बघ! आणि फेब्रुवारी १७३१, अ‍ॅडमचा मुलगा जेबेझ, दफन. लग्नानंतरच्या पानावर!"

टिलीने भराभर पुढे पाहिलं. "बत्तीस साल तर पंचवीस मार्चला लागतंय!"

पाद्रीसाहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! तेव्हा आपल्या देशात नवं वर्ष पंचवीस मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी जुन्याच सालात! मलाही सुचलं नाही!"

"म्हणजे बिचारा लग्नानंतर आठ महिन्यांनी गेला! आणि हे बघा, एप्रिल १७३२, बाप्तिस्मा. दिवंगत जेबेझ आणि सुझना यांचा मुलगा!" नेलने पुढचं वाचलं.

"हाच तर आजीचा पूर्वज!" रोलंडने उडीच मारली.

संध्याकाळी पाद्रीसाहेब स्वतः वही घेऊन आले. कटबुशनी चष्मा लावून पानं उलटली, पुन्हा उलटली.

"बाई, घर तुमचंच. मी मूळ वही उघडायलाच हवी होती," ते खाली मान घालून म्हणाले.

"शाब्बास रे पोरांनो! चार वडीलधाऱ्यांना जमलं नाही ते केलंत!" पाद्रीसाहेब म्हणाले.

आजीने डोळे पुसले आणि तिघांना जवळ ओढलं.

"कटबुश, पुन्हा मला इथून हलवायला आलात ना, तर आधी या तिघांशी गाठ आहे!"