एकेरी टाका

पडद्याच्या फटीतून आत आलेली टोपी माणसाच्या डोक्याची नव्हती, हे शहजादीला हातात घेताक्षणीच कळलं. ताटाएवढी गोल, वरून पांढरीशुभ्र लोकर, कडेला नाडी आणि शिवण पार उसवलेली.

"ही कोणाची?" तिनं विचारलं.

"मशीनची," पडद्यापलीकडून एक अनोळखी, हसरा आवाज आला. "मोटारीले पालीश करते ना, तिची. टोपी घातल्याबिगर कामच नाई करत. लय नखरेवाली हाये."

"मंग मालकावर गेली असंल," शहजादी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

पलीकडून दबकं हसू आलं.

सत्तावन्न सालचा फेब्रुवारी सरत आला होता. चांद्याच्या जटपुरा दरवाज्याच्या आत वहाबभाईंचं लहानसं दुकान होतं. बाहेर वहाबभाई पायमशीनवर टांग्याच्या गाद्या आणि मोटारींच्या सीटा शिवत. तरटाच्या पडद्याआड बसून त्यांची एकुलती, बिनआईची लेक शहजादी हाताचं बारीक काम करी. टोपीवाला होता नागपूरचा लियाकत मिस्तरी. जंगलाच्या ठेकेदारांच्या मोटारी अहेरीकडची धूळ खाऊन खाऊन मेलेल्या दिसत. त्यांना उजाळा द्यायला दरवाज्याबाहेरच्या मोटार कारखान्यानं त्याला विजेच्या मशीनसकट महिनाभरासाठी बोलावलं होतं.

"एक सांगू काय बाई," तो म्हणाला, "गाठ आतून मारजा. वर आली तं रंगावर ओरखडा पडते."

"बाई कोणाले म्हनता? एकोणीस वर्षांची हावो मी."

"मले तं फकस्त बोटं दिसून राह्यली. बोटावरून वय कसं सांगू?"

शहजादीनं बोटं झटकन आत ओढली. गालावर आलेलं रक्त पडद्याआड कोणाला दिसणार होतं म्हणा!

बोलण्याला एक शिस्त होती. वहाबभाईंचं मशीन खटखटत असलं की बोलायचं, थांबलं की गप्प. एरवी कातडी सीट सुईखाली असली की मशीन जड आवाजात कुरकुरे, लियाकत आला की मात्र हलकं खटखटे. त्या आवाजाच्या आडोशाला दोघांचं चाले. पालीश कसं होतं, मेण कसं लावतात, फिरतं मशीन एका जागी क्षणभर जास्त टेकलं तर रंग कसा जळतो... तिला मोटारीचं काय मोठं कौतुक होतं? तिला तो आवाज ऐकायचा होता.

पहिली टोपी तिनं मेण फिरवलेल्या दुहेरी दोऱ्यानं शिवली. ती मेली आठ दिवस टिकली! ते आठ दिवस कसे गेले ते तिचं तिलाच ठाऊक. बाहेर कोणाची चप्पल वाजली की कान टवकारावे, आणि निघावा कोणी टांगेवाला. नवव्या दिवशी लियाकत आला तेव्हा शहजादीनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. दुसरी टोपी तिनं एकेरी दोऱ्यानं शिवली. वहाबभाईंच्या लेकीनं कच्चं काम करावं!

तिसऱ्याच दिवशी टोपी परत आली. लोकरीला मेणाचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता. शहजादीनं उसवलेली शिवण उलटून पाहिली आणि डोळ्यांजवळ धरली. झिजून तुटलेला दोरा टोकाला पिंजतो. हा दोरा पिंजला नव्हता... सफाईनं कापलेला होता.

ओढणी तोंडावर धरून ती किती वेळ हसत राहिली. मग तिनं पुन्हा एकेरीच दोरा ओवला.

मध्यंतरी एकदा वहाबभाईंची बहीण शमसुन्निसा फूफी हिच्याबरोबर बुरखा घालून ती कारखान्यावरून गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं त्याला पाहिलं. सावळा, सडपातळ, भुवयांवर मेणाची पांढरी पूड, हातात तिनंच शिवलेली टोपी घातलेलं मशीन. हिरव्या मोटारीच्या आरशासारख्या लखलखत्या दारात अख्खा जटपुरा दरवाजा दिसत होता आणि त्याखाली दोन बुरखे. लियाकतनं दाराकडे पाहिलं, पण मान काही वळवली नाही. शहजादीला रडूच आलं. इतक्या जवळून गेले आणि याला पत्ताही नाही!

दुसऱ्या दिवशी मशीन सुरू होताच तो हळूच म्हणाला, "काल तुमी माह्या मोटारीच्या दारात दिसल्या."

"दोघी होतो. मी कोनती, कसं वळखलं?"

"पितळेचं अंगुस्तान घालून फिराले कोन जाते हो?"

तिनं बोटाकडे पाहिलं. शिवताना घालायचं ते टोपण काल बोटातच राहिलं होतं.

"मंग वळून काऊन नाई पाह्यलं?"

"फूफी होत्या संग. अन् दारात पाह्यलं तेवढं... पुरलं नाई, पण पाह्यलं."

त्यानंतर शहजादीचं जेवणावरचं लक्ष उडालं.

अशात फूफी राजुऱ्याचं स्थळ घेऊन आली. मुलगा खाणीत कारकून, स्वतःचं पक्कं घर. "जुम्म्याले जबाब देजो, भाऊ. असे रिश्ते दारात रोज नाई येत," असं बजावून गेली. वहाबभाई "हं" म्हणाले. त्यातच कारखान्याच्या सगळ्या मोटारी उजळून झाल्याची बातमी आली. मिस्तरी गुरुवारच्या गाडीनं नागपूरला परतणार होता.

बुधवारी दुपारी लियाकत शेवटची टोपी घेऊन आला. रस्त्यावरून मोहफुलांची गाडी चालली होती आणि तो गोड, जड वास पडद्याआडपर्यंत भरून राहिला होता. मशीन सुरू झालं. आजही त्याचा आवाज हलका होता, पण शहजादीचं चित्त थाऱ्यावर कुठे होतं?

"उद्या चाललो," लियाकत म्हणाला.

"ऐकलं."

"तुमाले... काई म्हनाचं नाई?"

शहजादीनं टोपी उलटी केली आणि शिवण फटीतून त्याच्यापुढे धरली. "मिस्तरी, घासून तुटला दोरा पिंजते. हा तं बिलेडनं कापला हाये."

पलीकडून बोटं आली आणि शिवणीवरून फिरली.

"कवापासून माहीत हाये?" लियाकतनं हळूच विचारलं.

"दुसऱ्या टोपीपासून."

"मंग बोलल्या काऊन नाई?"

"बोलली असती तं... तुमी कापनं सोडलं असतं."

लियाकत हसला. "अन् तुमी एकेरी टाका घालून राह्यल्या थे मले दिसत नव्हतं काय? एक डाव तं मी बिलेड काढाच्या आधीच टोपी आपोआप उसवली. वाटलं, माह्यापेक्षा हिलेच जास्त घाई हाये."

शहजादीला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. जुम्मा परवावर आला होता. लाजत बसायला आता दिवसच उरले नव्हते.

"मले राजुऱ्याले नाई जाचं," ती म्हणाली. "मले तुमच्या घरी याचं हाये."

फटीतून त्याचं बोट आत आलं आणि तिच्या अंगुस्तानाला नुसतं टेकलं. तेवढंच. "पुढच्या जुम्म्याले अम्मीले घेऊन येतो. पन थोवर तुमच्या अब्बांनी जबाब देऊन टाकला तं?"

तिनं दोरा घेतला, दुहेरी केला, मेणावरून ओढला आणि गच्च टाके घालून टोपी शिवली. मशीन खटखटतच होतं.

"ही फाटनार नाई," टोपी बाहेर सारत ती म्हणाली. "टोपीचा बहाना घेऊन येऊ नका आता. सरळ या."

चपला वाजल्या आणि दूर गेल्या. पडद्याआड शहजादी अंगुस्तान मुठीत आवळून बसली. नऊ दिवस! आणि मधे तो जुम्मा.

मशीन थांबलं.

"बेटा," वहाबभाईंनी हाक मारली. ती डोळे पुसून बाहेर आली. चोराच्या मनात चांदणं, बापाकडे बघायची हिंमत होईना. वहाबभाई मात्र रस्त्याकडेच पाहत होते.

"शमसूले सांगतो, राजुऱ्याचं राहू दे म्हनून," ते म्हणाले. "लय दूर पडते."

शहजादी बघतच राहिली. राजुरा तर इथंच नदीपलीकडे, आणि नागपूर? तिची नजर मशीनवर गेली. सुईखाली ना कातडं होतं, ना कापड.

"अन् सुईत दोरा ओवून दे बरं जरा," वहाबभाई चष्मा पुसत म्हणाले. "महिना झाला, मिस्तरी आला का रिकामंच मशीन हाणून राह्यलो. पाय दुखाले लागले माहे."