जखमेचा निरोप

वीज गेली होती. कूलर थांबला, तशी घरातली सारी अंथरुणे गच्चीवर आली.

"आजोबा, भुताचीच गोष्ट सांगा," मयुरा म्हणाली. "पण खरी."

"खरीच आहे." कामठीच्या महाविद्यालयात आयुष्यभर मराठी शिकवलेले वामनराव 'खरी' हा शब्द जपून वापरीत. "माझ्या एका विद्यार्थ्यावर गुदरलेली. आणि भूत माणसाचे नाही. माशांचे."

"मग भ्याचं काय त्यात," सौरव म्हणाला. "तळून खाऊन टाकाचं."

वामनराव हसले नाहीत. तांब्यातले पाणी प्याले आणि सावकाश सांगू लागले.

अश्विन हा कामठीचा मुलगा. रामदासपेठेतल्या एका खासगी संशोधन संस्थेत तो झेब्राफिश नावाच्या माशांवर काम करीत असे. त्यांची पिल्ले पापणीच्या केसाएवढी आणि काचेसारखी आरपार दिसणारी. त्यांच्यात एक परके जनुक घातलेले होते. त्यामुळे एखादी पेशी दुखावली, की ती हिरवी उजळे; मात्र स्वतःच्या तेजाने नव्हे. वरून निळा प्रकाश पडला, तरच ती हिरवा परत करी. दुखावलेली पेशी शेजारणीला कळवते, शेजारीण पुढच्या शेजारणीला. जखमेचा हा निरोप कसा पसरतो, ते अश्विनला पाहायचे होते. पिल्लाच्या शेपटीचे टोक कापायचे आणि उजेडाची लाट चित्रित करायची, असे ते काम. त्याला एक नियम होता. कापण्याआधी पिल्लाला गुंगीच्या औषधात ठेवायचे.

गुंगीत लाट मंद दिसते, असे अश्विनच्या मनाने घेतले. लाट ठळक आली नाही, तर शिष्यवृत्तीची मुदत वाढणार नव्हती आणि चार वर्षांची मेहनत अर्ध्यावर सुटणार होती. त्याने गुंगी देणे बंद केले. जागे पिल्लू तो कोमट जेलीत रुतवी. जेली गोठली, की त्याला हलता येत नसे. मग कापी. चित्रे देखणी येऊ लागली. त्याच्या मार्गदर्शक गोपिका मॅडम प्रसन्न झाल्या. अशी किती पिल्ले गेली, त्याला गणती नाही.

ती २३ मे २०२४ची रात्र. गुरुवार, बुद्धपौर्णिमा. सकाळी विहारात सर्वांसोबत त्याने पंचशील म्हटले होते. जेवणात खीर झाली होती. तो गाडीची किल्ली शोधू लागला, तेव्हा आई अंजनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आज काहून जाऊन राहिला गा? आजच्या दिवशी तरी कोणाच्या जिवाले हात नको लावू."

"एक व्हिडिओ राहिला, माय. उद्या मॅडमले द्याचा आहे."

"त्याइले दुखत असन ना."

"झोपवून करतो. त्याइले काही समजत नाही."

हे खोटे त्याच्या जिभेला जड गेले नाही.

दहाच्या सुमारास तो प्रयोगशाळेत पोहोचला. सहकारी दीप्ती घरी निघाली होती. पिशवी खांद्याला लावता लावता ती थबकली.

"गुंगीची बाटली महिनाभर तशीच भरलेली दिसून राहिली, अश्विन."

"मी कमी वापरतो."

"कमी, का वापरतच नाही?" तो पाती मांडू लागला. "उद्या मी मॅडमले विचारते."

"माही शिष्यवृत्ती खाशीन तू."

"तू शेपट्या खाऊन राहिला, त्याचं काय मग?"

ती गेली. दार लागले.

अश्विनने दिवे मालवले. या कामाला अंधार लागतो. मागे मांडणीवर याच माशांच्या काचेच्या टाक्यांच्या रांगा होत्या आणि पंपाचे पाणी त्यांतून अखंड खळखळत होते. त्याने एक पिल्लू जेलीत रुतवले. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय भराभर धडधडताना दिसले. एक डोळा वर वळलेला होता. अश्विनने पात्याने शेपटीचे टोक उडवले.

हिरवी लाट उठली. एरवी ती जखमेभोवतीच्या काही पेशी ओलांडून विझते. आज विझली नाही. शेपटीतून पाठीत गेली, पाठीतून मस्तकात. पिल्लू आख्खे उजळले. आणि मग बशीत शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या पिल्लाची शेपटी उजळली. त्याला पाते लागलेच नव्हते.

अश्विनने सूक्ष्मदर्शकाचा निळा दिवा बंद केला.

हिरवे तसेच राहिले.

निळ्यावाचून हिरवे… हे होत नाही. त्याने दिव्याची तार उपटून काढली. हिरवे तसेच. त्याने मान वळवून मागे पाहिले. पहिली टाकी उजळली होती. मग तिच्या शेजारची. मग पुढची. पेशी पेशीला कळवते, तशी टाकी टाकीला कळवीत होती. कोठे दुखले… कोणी दुखवले…

पंप बंद पडला. पाण्याचा आवाज थांबला.

निरोप रांगेच्या टोकाशी आला. टोकाशी अश्विन उभा होता.

त्याला दाराकडे जायचे होते. पाय उचलेना. घोट्यांवर काहीतरी कोमट चढत होते. गुडघ्यांवर आले… कमरेवर… छातीवर येऊन थंड झाले आणि घट्ट बसले. मान वळेना. डोळे तेवढे फिरत होते.

त्याचा उजवा हात आपणहून पुढे झाला. मेजावर पालथा पडला. चार बोटे एका रेषेत जुळली.

पहिली टाकी फुटली. दुसरी. तिसरी. काचा पाठीत घुसल्या, खांद्यात, गालात. एक काच कान चिरीत गेली. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरले. तो हलला नाही. त्याला हलता येत नव्हते.

मग बोटांवर काहीतरी टेकले. बारीक… धारदार… त्याला घाई नव्हती.

कातडी तुटली. मग मांस. मग हाड… त्याचा कडकडाट त्याने ऐकला.

त्याने तोंड उघडले. आवाज नाही. मिटले. पुन्हा उघडले. मिटले…

वामनराव थांबले. सौरवने पाय चादरीत ओढून घेतले.

"मेला?" मयुराने विचारले.

"नाही."

हे मासे दिवस उजाडताच अंडी घालतात. ती गोळा करायला दीप्ती लवकर आली. तिने दार उघडले आणि पाणी बाहेर आले, लालसर. खोलीभर काचा आणि मेलेले मासे. त्यांच्या मधोमध अश्विन उभा होता. डोळे उघडे. तोंड उघडत होते, मिटत होते. उजव्या हाताची चार बोटे पहिल्या पेराशी कापली गेली होती, पट्टी ठेवून कापावीत तशी सरळ. कापलेली टोके सापडली नाहीत. मांडणी कोसळली, असे सर्वांनी ठरवले. चौकीदाराने रात्रभर काही ऐकले नव्हते.

वाचा परत आली, तेव्हा अश्विन आईशी आधी बोलला नाही. त्याने गोपिका मॅडमना बोलावून घेतले आणि गुंगीचे सारे सांगितले. चित्रफिती रद्द झाल्या. शिष्यवृत्ती गेली. तो कामठीत आईजवळ घरीच राहू लागला.

"आजोबा, काचेनंच कापली असतीन बोटं," सौरव हलक्या आवाजात म्हणाला.

"असतील. मीही दिवाळीपर्यंत तेच म्हणत होतो."

दिवाळीत अंजनाबाई अश्विनला घेऊन याच घरी आल्या होत्या. त्याच्या उजव्या हातात मोजा होता. चहा झाला. अंजनाबाईंनी कप खाली ठेवला. "दाखव सरांले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर तर काही बोलूनच नाही राहिले."

माशाची शेपटी कापली, तर काही दिवसांत पुन्हा येते. माणसाची पेरे येत नाहीत. अश्विनने मोजा काढला. चारही बोटे पुरी होती. कापल्याच्या रेषेपर्यंत ती त्याची होती. रेषेपुढे नख नव्हते, कातडीवर रेघ नव्हती. काचेसारखे आरपार काहीतरी वाढले होते आणि आत रक्ताचा कण न् कण पुढे सरकताना दिसत होता.

ट्यूबलाइट त्या कातडीवर चमकत होती, त्यामुळे नीट दिसेना. ती मालवायला वामनरावांनी बटणाकडे हात नेला.

अश्विनने डाव्या हाताने त्यांचे मनगट धरले.

"सर…" तो म्हणाला. "अंधार नका करू."