पंजाबरावांच्या श्वासाची राखण

ऐका. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठच्या एका गल्लीत, पंजाबराव नावाचे फूलवाले राहत होते आणि राहत होती त्यांची दुसरी बायको तानुबाई. पहिली पार्बताबाई. वेणीला लाल गोंडा लावायच्या वयाची पोर, लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत तापानं गेली, मागं मूलबाळ नाही. तानुबाई त्या घरात आली ती पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालूनच. तशी रीतच आहे. नवं लुगडं आधी त्या टाकाला दाखवायचं, हळदकुंकू आधी त्याला, मग आपल्याला. सवत मेली तरी घरातली मोठी तीच. तानुबाईनं पंचवीस वर्षं ही रीत एक दिवस मोडली नाही.

सन २००८. त्या सालात दुकानातून लग्नाचे हार थोडे जायचे आणि मयताचे हार जास्त. खेड्यातून दोन माणसं फटफटीवर यायची, न बोलता एक मोठा हार घ्यायची, जायची. कोणासाठी, हे तानुबाईनं विचारणं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी मंगळवार, वैशाखाची अमावस्या. दिवस कलल्यावर तानुबाई गल्लीच्या तोंडाशी अब्दुल गफ्फारच्या दुकानात निघाली, मोठी बॅटरी आणायला.

बॅटरी कशाला, ते आधी ऐका.

पंजाबराव घोरायचे. घोरत कोण नाही? पण यांचं घोरणं तिसऱ्या घरी ऐकू जायचं आणि मध्येच तुटायचं. एकदम. छाती धडपडायची, दम मात्र आत जायचा नाही. मग बुडत्या माणसाला कोणी केस धरून वर ओढावं तसे ते दचकून उठायचे, घशातून मोठा आवाज करून हवा ओढायचे आणि पुन्हा आडवे. रातभर हेच. दिवसा हार गुंफता गुंफता सुई बोटात तशीच आणि मान छातीवर. एकदा तर सायकलवर डोळा लागला आणि पुलाच्या कठड्यावर जाऊन आदळले.

"कोणी तरी छातीवर हात ठेवून हालवते मले," ते सांगायचे. "बाईचा हात हाये. थंडा."

मग काय, गल्लीनं निकाल लावून टाकला. पहिली छातीवर बसते, गळा दाबते. कोणीतरी एक भगत आणला. त्यानं तानुबाईच्या गळ्यातला टाक उतरवला, काळ्या फडक्यात बांधला आणि न्हाणीमागं पुरायला लावला. तिनं आधी तो कपाळाला लावला. पण नवऱ्याच्या जिवापुढं काय करते बिचारी? पुरला.

त्याच राती पंजाबरावांना कोणी हलवलं नाही.

तानुबाईला जाग आली ती शांततेनं. घोरणं नाही, धडपड नाही. ओठ निळे. तिनं छातीवर दोन्ही मुठी आपटल्या, गल्ली गोळा होईल असं ओरडली, तेव्हा कुठं एक दम आत गेला. गफ्फारभाईनं ऑटो बोलावला, दवाखान्यात नेलं, म्हणून माणूस वाचला.

पुढं लेक गीतांजली बापाला अमरावतीला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, की झोपेत गळ्याचं मांस ढिलं पडतं, हवेची वाट मिटते. भूत नाही, बाई नाही. "दम अडला की मेंदूच माणसाला जागं करतो," ते म्हणाले.

"मंग त्या राती मेंदू कुठी गेल्ता?" तानुबाईनं विचारलं.

डॉक्टर नुसते हसले.

मग घरात मशीन आली. पोळ्यांच्या डब्याएवढी, तिला लांब नळी, नळीला नाकावर बसवायचा मास्क, मास्कला डोक्यामागून पट्टे. रातभर हवा लोटायची, गळ्याची वाट उघडी ठेवायची. मास्क रोज साबणानं धुवायचा, सावलीत वाळवायचा. पहिल्या राती मिशीखालून हवा फुसफुसली, तर गीतांजलीनं बापाची मिशी काढायला लावली.

"मिशी बी गेली अन् वरून सोंड बी आली," पंजाबराव आरशात पाहून म्हणाले. "आता मोदक तेवढे आणा."

पण झोप लागली. अशी लागली, की महिन्याभरात माणूस उजळला. तानुबाई मात्र जागीच. पंचवीस वर्षं ज्या कानांनी त्यांचा दम ऐकला ते कान मिटेनात. मशीनचा सूं सूं आवाज ऐकत ती पडून राहायची. डोळ्यांखाली काळं, हातापायात शिसं भरल्यासारखं.

आणि मग गल्लीला वीज देणारी डीपी जळाली. उकाड्यात घरोघरी कूलर, तिला भार झेपला नाही. दोन रात्री अख्खी गल्ली अंधारात. मशीन मुकी. डॉक्टरांनी बजावलं होतं, लाईट गेली की मास्क काढायचा, माणसाला कुशीवर ठेवायचं, पाठीवर पडू द्यायचं नाही. दोन रात्री तानुबाई खाटेशेजारी बसून राहिली. दम तुटला की हलवायचं, कुशीवर लोटायचं. पुन्हा हलवायचं.

"अमरावतीले जाऊ पोरीकडं," ती म्हणाली होती.

"जावयाच्या घरी तोंडाले सोंड लावून झोपू काय? आज उद्या येतेच लाईट."

अशी ती तिसरी रात्र, अमावस्येची.

"भाभी, बॅटरी भरली है," गफ्फारभाई म्हणाला. "पर जुनी है. सकाळपर्यंत टिकन का नाई, खुदा जाने. तुमी तं पार वाळून राहिल्या."

"तुमी पोहोचवून द्या भाऊ. म्या उभी बी राहत नाई आता."

त्यानं बॅटरी घरी आणली, वायरी जोडल्या. मशीन सुरू झाली. पंजाबराव झोपले. तानुबाई भिंतीला टेकून बसली.

बारा वाजून गेले असतील. मशीननं एक उसासा टाकला.

बंद.

तिनं चाचपडत मास्क काढला. पंजाबरावांना कुशीवर लोटलं. शंभर किलोचा माणूस, पुन्हा पाठीवर आला. घोरणं सुरू झालं... तुटलं.

"अजी! उठा!"

हलवलं. दम आला.

पुन्हा तुटलं. पुन्हा हलवलं. मग एकदा तिचेच डोळे मिटले, किती वेळ कोण जाणे, आणि दचकून पाहिलं तर ते गप्प. नुसते गप्प. तिनं खांदा धरून गदगदा हलवलं. हवा आत गेली.

तिला रडू आलं नाही. रडायलाही जोर लागतो. तिला एवढंच कळलं, की आता आपण झोपणार. कोणी काही केलं तरी झोपणार. आणि आपण झोपलो की हा माणूस मरणार.

तेव्हा तिला डॉक्टरांचं ते हसू आठवलं. इतक्या वर्षांत ज्या ज्या राती तिला झोप लागली, त्या राती त्यांना कोण उठवत होतं? गळा दाबणारा हात माणसाला जागं कशाला करील?

ती उठली. खुरपं घेतलं. न्हाणीमागं गेली.

अंधार असा, की स्वतःचा हात दिसेना. वैशाखातली माती, दगडासारखी. गुडघे टेकून तिनं उकरलं. घरातून घोरणं ऐकू येत होतं. उकरलं. घोरणं तुटलं. खुरपं टाकून आत धावली, हलवलं, परत आली. बोटांनीच माती ओढली. नख मोडलं. फडकं लागलं.

टाक तिनं पदरानं पुसला, गळ्यात बांधला. दाराशी येऊन उभी राहिली. अंगणात कोणी नव्हतं. कोणी दिसत नव्हतं.

"पार्बता," ती म्हणाली. आजवर तिनं ते नाव घेतलं नव्हतं, मोठीचं नाव घेत नाहीत. "चुकलं माये. लोकायचं ऐकलं म्या. आता मायात जीव नाई राहिला... तूच बस आजच्या रोज. तुया बी नवराच हाये तो."

काही नाही.

दूर कुठंतरी कुत्रं भुंकत होतं. ते थांबलं.

मग दारातली हवा... थंड झाली. वैशाखात. तिच्या अंगावरून आत गेली. खाट करकरली, कडेला कोणी टेकावं तशी.

तानुबाईनं मान वळवली नाही.

जमिनीवर आडवी झाली. पाठ खाटेकडं केली. मागं घोरणं सुरू होतं. तुटलं... तिनं उठायला हात टेकला... आणि कोणीतरी हलक्या हातानं तिच्या कपाळावर दाबलं. झोप, असं.

मागं दम आला.

त्यापुढचं तिला ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा ऊन अंगणात उतरलं होतं. इतक्या वर्षांत तिनं ऊन पाहून डोळे उघडले नव्हते. पंजाबराव खाटेवर बसून जांभया देत होते. जिवंत. कुरकुरत.

"रातभर झोपू नाई देलं तू मले. डोळा लागला का हालवलं, लागला का हालवलं. कुशीवर व्हा, कुशीवर व्हा! अन् आवाज असा बारीक कावून झाला तुया? पोरीवानी बोलत व्हती."

तानुबाई उठून बसली. अंगातला शीण पार उतरला होता, माहेरी आठ दिवस राहून आल्यासारखं वाटत होतं.

दुपारी नवी डीपी बसली, पोरं रस्त्यावर ओरडत धावली. गफ्फारभाईनं पुढं चांगली बॅटरी बसवून दिली, लाईट गेली तरी मशीन थांबत नाही. त्या राती पंजाबरावांनी आपल्या हातानं पट्टे आवळले आणि त्यांच्या आधी तानुबाईचा डोळा लागला. तेव्हापासून त्या घरात दोघंही रातभर झोपतात. माणूस सायकलवर पेंगत नाही, दुकान वेळेवर उघडतं.

पण त्या सकाळचं राहिलं. पंजाबराव बोलता बोलता एकदम थांबले होते, तिच्या पाठीकडं पाहत.

"हे कवा घातली?"

तानुबाईनं मागं हात नेला. जन्मभर ती अंबाडा बांधायची, आणि राती तर केस मोकळे होते, मातीनं भरलेले. आता ते स्वच्छ विंचरलेले होते. घट्ट तिपेडी वेणी, कंबरेपर्यंत. धाकट्या बहिणीला शाळेत पाठवताना घालतात तशी.

आणि वेणीच्या टोकाला लाल लोकरीचा गोंडा.