तीन माणसांच्या भाराचा स्टँड

सिद्रामप्पांच्या वर्कशॉपवर बादली घेऊन लोक पूर्वी यायचे, गळती बुजवून घ्यायला. म्हणून त्या दुपारी स्कूटरवरून उतरलेल्या तरुणाच्या हातात बादली दिसली, तेव्हा त्यांच्या लेकीनं, उज्वलानं, मान वर न करताच सांगितलं, "डाग मारायचं काम आता बंद हाय. पुढच्या गल्लीत बघा."

"गळत नाही हो ताई... उलट भरलेली आहे."

तिनं वाकून पाहिलं. चार बोटं पाण्यात दोन कासवं होती, तळहाताएवढी, कानामागं कुंकवाचं बोट ओढल्यासारखी लाल रेघ. त्यातल्या एकानं मान लांब करून तिच्याकडं बघितलं, आणि नापसंत पडल्यासारखी परत आत घेतली.

"यांच्यासाठी स्टँड पाहिजे," तो म्हणाला. "मोठी टाकी घ्यायची आहे. शेजारचे अजीजभाई म्हणाले, आधी स्टँड करा, मग मी काच कापतो."

"पहिली टाकी कुठं गेली?"

"अभ्यासाच्या टेबलावर होती. टेबल वाकलं, टाकी घसरून फुटली. हे दोघं घरमालकाच्या पलंगाखाली सापडले."

"टेबल आमच्याकडचं नव्हतं ना?"

"नाही, नाही."

"मग ठीक हाय," असं म्हणून उज्वलानं टेप काढला. ओठांवर आलेलं हसू मात्र तिला काही लपवता आलं नाही.

त्याचं नाव दयानंद. भोकरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. लातुरातल्या एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा. ते दिवसच तसे होते. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात येत होती, जो तो घरावर खोल्या चढवत होता, आणि प्रत्येक खोलीत सिद्रामप्पांचे लोखंडी पलंग जात होते. उज्वलानं आयटीआय केली होती. मापं घेणं, अँगल कापणं, वेल्डिंग... सगळं तीच बघायची. गिऱ्हाईक आधी तिच्या वडिलांना शोधायचं आणि मग नाइलाजानं तिच्याशी बोलायचं. हा मात्र सरळ तिच्याशीच बोलत होता.

"स्टँड छातीइतका उंच करा. उभ्यानं बघता येईल असा."

"न्हाई. गुडघ्याइतका. खाली रुंद, वर रुंद. कासवाला बघायचं तर माणसानं खाली बसावं."

"आणि उभ्यानंच बघायचं असलं तर?"

"तर पोपट पाळावा."

तो मनापासून हसला. मग त्यानंही आपलं म्हणणं मांडलं. टाकी उंच नको, लांब हवी, कारण पोहायला जागा लागते. एका बाजूला पाण्याबाहेर दगड हवा, ऊन खायला. उज्वलानं ऐकून घेतलं आणि फरशीवर खडूनं चौकोन काढला.

"पाणी, काच, दगड... तीन माणसं उभी केल्याएवढा भार होतो."

"तुम्ही वजन माणसांत मोजता?"

"पलंग करणाऱ्यांनी आणखी कशात मोजायचं?"

त्यानंतर दयानंद रोज क्लास सुटला की येऊ लागला. स्टँड कुठवर आला, एवढंच विचारायला. स्टँड तर एका दिवसात होण्यासारखा होता... पण हॉस्टेलच्या पलंगांची घाई आहे, असं उज्वला सांगत राहिली. घाई खरीच होती. पण एवढी नव्हती.

एका रविवारी ती लोखंडाच्या दुकानाला फोन लावायला समोरच्या एसटीडी बूथवर गेली. आत कुणी बोलत होतं. काचेचं दार नीट लागत नव्हतं, म्हणून ऐकू आलं.

"धाकटा आता हातातून खातो. हो रे. नवी टाकी होऊन राहिली, लांबलचक. तू ये की बघायला. परीक्षेचं कुणी काही विचारणार नाही... मी आहे ना."

दार उघडून दयानंद बाहेर आला, तिला बघून थबकला.

"रामकिशन," त्यानं आपण होऊन सांगितलं. "माझा रूम-पार्टनर. इस्लापूरचा. मेडिकलला नंबर लागला नाही, कितीदा बसला तरी. एक दिवस कुणाला न सांगता गावी निघून गेला. कासवं त्याची आहेत."

"नेली न्हाईत?"

"नाही. म्हणजे कधीतरी येईल, असं मी धरून चाललोय."

पोरं पास झाली की त्यांचे फोटो चौकाचौकांत लागायचे, हे उज्वला बघत आली होती. ज्यांचा नंबर लागला नाही त्यांना कुणी दर रविवारी फोन करतं, हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. वर्कशॉपमध्ये परतल्यावर तिनं हॉस्टेलचे पलंग बाजूला सारले आणि स्टँडचे पाय जोडायला घेतले.

स्टँड तयार झाला त्या दिवशी सिद्रामप्पा माल पोचवायला बाहेर गेले होते. उज्वलानं दोन्ही हातांनी स्टँड धरला आणि गदागदा हलवला. इकडून, तिकडून. मग पुन्हा.

"इतकं?" दयानंदनं विचारलं.

ती थांबली. "भूकंप झाला तेव्हा मी नववीत होते. किल्लारीच्या अलीकडं आमचं गाव. दगडी भिंत होती... आजी तिच्याखाली गेली. मी पलंगाखाली होते, म्हणून वाचले." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "तेव्हापासून हलवून बघितल्याशिवाय मी काहीच देत न्हाई."

लोक अशा वेळी अरेरे म्हणायचे. दयानंदनं मात्र गुडघ्यावर बसून स्टँडच्या मागच्या बाजूवर हात फिरवला, आणि हळूच विचारलं, "इथं आणखी एक तिरकी पट्टी लावली तर तुम्हाला बरं वाटेल?"

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग पट्टी आणली. त्यानं ती घट्ट धरली, तिनं टाका मारला.

"आता भार बघायचा," ती म्हणाली आणि अजीजभाईंना हाक मारली. अजीजभाई हातावरची काचेची भुकटी झटकत आले. एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला उज्वला. राहिली मधली जागा. दयानंद अंग चोरून तिथं बसला. स्टँड जागचा हलला नाही.

"जबरदस्त," अजीजभाई म्हणाले. तेवढ्यात त्यांच्या दुकानातून कुणीतरी आवाज दिला. दोघांकडं एकेकदा बघून ते उठले, आणि जाताना उगाचच खाकरले.

स्टँडवर दोघंच उरली. बाहेर रिक्षा गेली, एक सायकल गेली.

"भार कमी झाला," दयानंद म्हणाला. "उतरायचं का?"

"थांबा... टिकतो का बघायचंय."

"किती वेळ?"

"घाई हाय का तुम्हाला?"

"मला? नाही, उज्वला."

त्याच्या बोलण्यातली 'ताई' गळून पडली होती. तिच्या लक्षात आलं, आणि तिच्या ते लक्षात आलंय हे त्याच्याही ध्यानात आलं. मग दोघंही समोरच्या अर्धवट पलंगांकडं फार लक्ष देऊन बघत राहिली.

टाकी बसली, पाणी भरलं, कासवं दगडावर चढून पाय पसरून ऊन खाऊ लागली. आणि थोड्याच दिवसांनी दयानंद वर्कशॉपच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा उतरलेला.

"नांदेडच्या क्लासनं बोलावलंय. कायमचं काम आहे. जूनपासून."

उज्वलाच्या हातातला ग्राइंडर बंदच होता, तरी तिनं तो बंद करायचं बटण पुन्हा दाबलं. "मग एवढा मोठा स्टँड कशाला करून घेतला?"

"करताना काही ठरलं नव्हतं."

"बरं झालं. जा," ती म्हणाली. तो आणखी काही बोलणार होता, पण तिनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, आणि ठिणग्या उडायला लागल्यावर बोलायची सोय राहिली नाही.

तो नांदेडला गेल्यावर दोन-तीन आठवडे ती कामापुरतीच बोलली. सिद्रामप्पा बघत होते. एक दिवस ते म्हणाले, "नांदेडला एका हॉस्टेलचे पलंग द्यायचेत. टेम्पोत जागा हाय. सरांचा स्टँड न् टाकी अजून त्यांच्या जुन्या खोलीतच पडलीय म्हणं. नेऊन टाकू. तू चल, बसवायला."

"तुम्हीच बसवा."

"मला त्या तिरक्या पट्टीचं काय कळतंय?" अप्पा म्हणाले आणि टेम्पोकडं वळले.

नांदेडला दयानंदची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. कासवं प्लास्टिकच्या टबात होती. उज्वला फरशीची पातळी बघू लागली, एका पायाखाली पत्र्याचा तुकडा सरकवला. दयानंद शेजारी उभा होता.

"त्या दिवशी मी पुढचं बोलणार होतो," तो म्हणाला. "तू चष्मा घातलास."

"आता न्हाई घातलेला."

"लातुरात माझं काम आज आहे, उद्या नाही असं होतं. तसल्या माणसानं अप्पांकडं कुठल्या तोंडानं यायचं? म्हणून आलो इकडं. तुझ्यापासून लांब जायला नाही... तुला मागायला."

उज्वला फरशीवरच बसून राहिली. डोळे भरले होते, आणि हसूही येत होतं.

दारात सिद्रामप्पा उभे होते. किती ऐकलं कोण जाणे. दयानंद वळला, पण माघार घेतली नाही. तेच वाक्य त्यानं त्यांच्यासमोर पुन्हा म्हटलं.

"आम्ही लिंगायत," अप्पा म्हणाले. "तुमच्या घरी चालतंय?"

"आईला सांगितलं. आधी अबोला धरला. मग विचारलं, पोरगी करते काय? म्हटलं, लोखंडाचं काम. तर म्हणाली, गोठ्याचं फाटक कधीचं मोडलंय, तिलाच दाखव."

अप्पांच्या मिशा हलल्या. "बाई कामाची दिसते," ते म्हणाले. मग लेकीकडं बघितलं. "माझं काही न्हाई. हिला विचारा."

उज्वला उठली, हात पुसले. "गोदावरी इथून जवळ हाय का?"

"चालत जाता येईल," दयानंद म्हणाला.

"मग दाखवा की. अप्पा... आम्ही येतो."

सिद्रामप्पांनी कोपऱ्यातलं स्टूल टबापाशी ओढलं आणि दोन्ही कासवांसमोर ऐसपैस बसले. "सावकाश या," ते म्हणाले, "मी हाय यांच्यापाशी."