दहा शब्दांची परीक्षा

“नापास केलंस ना भावाला?”

यामिनीने अजून पायातले बूटही काढले नव्हते. गराजच्या दारातून ती स्वयंपाकघरात येते न येते तोच आईचा प्रश्न आला, आणि तोही पाठमोरा. आईने वळून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तव्यावरची पोळी उलटत ती म्हणाली, “इतकी तयारी करून घेतली होती मी त्याच्याकडून. दहाच्या दहा शब्द पाठ होते त्याचे. आणि तू, सख्खी बहीण असून...”

तिने पुढची पोळी तव्यावर टाकली. टेबलापाशी शार्दूल कपाळ तळहातांवर टेकवून बसला होता. यामिनीकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सात महिन्यांचा शीण अंगात असा मुरला होता की तोंड उघडायचंही तिच्या जिवावर आलं. ती तशीच वर आपल्या खोलीत गेली.

शार्दूल, तिचा धाकटा भाऊ, डेट्रॉइटच्या एका रग्बी लीग क्लबाकडून खेळत होता. अमेरिकेत या खेळाला विचारतो कोण? तेरा-तेरा गड्यांनी एकमेकांवर आदळायचं, डोक्याला ना हेल्मेट ना खांद्याला गाद्या! क्लब म्हणायला व्यावसायिक, पण पगार असा की निम्मे खेळाडू सकाळी गोदामात राबून दुपारी सरावाला येत. ते राहत त्या डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या मराठी मंडळींना तर हा खेळ फुटबॉलपेक्षा वेगळा आहे हेच पटत नसे. बाबा गेल्यावर वर्षभरातच शार्दूलने मोटार कंपनीतली नोकरी सोडून हा मार्ग धरला. आईने त्याला अडवलं नाही. यामिनीला मात्र म्हणाली, तू फिजिओ आहेस, तू त्याच्यासोबत राहा. दूर ॲरिझोनात, चँडलरच्या हॉस्पिटलातली चांगली नोकरी चालून आली होती, ती नाकारून यामिनी त्याच क्लबात रुजू झाली. का नाकारलीस, असं कोणीच विचारलं नाही. यामिनीला काही विचारायचं असतं, हे त्या घरात कोणाला सुचतच नसे.

बर्फ पुरतं वितळायच्या आत हंगाम सुरू झाला होता. पहिले पाचही सामने हरले. मग ओहायो, पेनसिल्व्हेनिया, पुन्हा ओहायो... बसच्या मागच्या सीटवर बर्फाच्या पिशव्या सांभाळत यामिनीने तो उन्हाळा काढला. खांद्यांना पट्ट्या बांधल्या, निखळलेली बोटं बसवली, आणि घरी आल्यावर शार्दूलच्या गुडघ्याला शेक दिला. जूननंतर संघ जिंकू लागला तो शार्दूलच्या जिवावर. सेमीफायनलला पोचता पोचता इंग्लंडच्या एका क्लबाने कळवलं, की फायनलला आमचा माणूस येईल. आवडला तर दोन वर्षांचा करार. आईने देवापुढे साखर ठेवली.

आणि सेमीफायनलमध्येच प्रतिस्पर्ध्याचा खांदा शार्दूलच्या कानशिलावर बसला. तो पडला, उठला, हसला आणि पुन्हा पळाला. पण नियम म्हणजे नियम. डोक्याला मार बसला की परीक्षा घ्यायचीच. फिजिओने आपल्याकडच्या वेगवेगळ्या याद्यांपैकी एकीतले दहा शब्द वाचून दाखवायचे, खेळाडूने ते आठवून सांगायचे, महिने उलटे म्हणायचे, एका पायावर उभं राहायचं. जमलं नाही तर खेळायचं नाही.

फायनल रविवारी होती. गुरुवारी दुपारी यामिनीने भावाला समोर बसवून तिसऱ्या यादीतले शब्द वाचले. शार्दूल भराभर बोलू लागला. विंडो, शुगर, टायगर, ब्रिज... एकही न अडखळता, ओळीने दहा. आणि शाबासकीची वाट पाहत तिच्याकडे बघून हसला.

यामिनीने हातातली यादी पुन्हा पाहिली. त्याने सांगितलेले दहाही शब्द पहिल्या यादीतले होते. तिने आत्ता वाचलेल्यांपैकी एकसुद्धा त्याच्या डोक्यात शिरला नव्हता, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता! शिवाय म्हणण्याची ती चाल... दोन शब्द उचलून धरायचे, तिसऱ्यावर टेकायचं. ही चाल ती लहानपणापासून ओळखत होती. संध्याकाळी दिवा लागला की आई दोघांना समोर बसवून परवचा म्हणून घ्यायची. बाहेर मिशिगनचं गुडघाभर बर्फ असो नाहीतर परीक्षेचे दिवस असोत, पाढे म्हटल्याशिवाय पानं घेतली जात नसत.

ऑगस्टमध्ये संघाचा कर्णधार याच परीक्षेत अडकून बाहेर बसला, तेव्हा आईने धसका घेतला होता. जेवणाच्या टेबलावर पडलेल्या यामिनीच्या फाइलमधून तिने पहिल्याच यादीतले दहा शब्द उतरवून घेतले आणि पोळ्या लाटता लाटता रोज शार्दूलकडून घोकून घेतले. परीक्षा आहे म्हणजे अभ्यास हवा, एवढंच त्या माउलीला माहीत. ही परीक्षा अभ्यास करून पास व्हायची नसते, हे तिला कोण सांगणार होतं?

यामिनीने शार्दूलला खेळायला मनाई केली. मॅनेजरने विचारलं, यादी त्याच्यापर्यंत पोचली कशी? ती म्हणाली, “मीच दिली.” दहा मिनिटांत नोकरी गेली. घरी येऊन दारात आईचा तो प्रश्न ऐकला, तरीही ती याबद्दल चकार शब्द बोलली नाही.

रविवारी शार्दूल साध्या कपड्यांत बाकावर बसला. यामिनी मैदानावर आली नाही, ती वाद टाळायला घरी राहिली असेल असंच त्याने धरलं. संघ दोन गुणांनी हरला आणि इंग्लंडचा माणूस मध्यंतरानंतर निघून गेला. घरात त्यानंतर बोलणं असं उरलंच नाही. आई यामिनीचं पान वाढायची, पण जेव म्हणायची नाही. क्लबाच्या डॉक्टरांनी शार्दूलला सहा महिने खेळ वर्ज्य केला, तर तेही आईने यामिनीच्याच माथी मारलं. भावावर जळते, असं ती फोनवर रुपालीमावशीला सांगताना यामिनीने जिन्यावरून ऐकलं, आणि ती परत जाऊन पडून राहिली. रडायलाही अंगात बळ लागतं... तेवढंही उरलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी शार्दूल आपलं सामान आणायला मित्राच्या गाडीतून क्लबात गेला. परतला तो सरळ वर, यामिनीच्या दारात. पाठोपाठ आई, काय झालं विचारत.

“ताईला काढून टाकलंय,” तो म्हणाला. “लिस्ट आपणच मला दिली असं तिने मॅनेजरला सांगितलं. आई, तुझं नाव तिने घेतलंच नाही.”

आई दाराला धरून उभी राहिली. तिने विचारलं, “का नाही सांगितलंस, यामू?”

“दमले होते, आई. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले असते, तुला बोलावलं असतं... मला ते सगळं बघायचं नव्हतं.”

शार्दूल खाली जमिनीवर बसला. मान वर न करता, एकेक शब्द शोधत तो बोलू लागला. “आय नेव्हर टोल्ड यू गाइज. त्या दिवशी ते वर्ड्स मला येत होते, पण का येतात ते कळत नव्हतं. आई म्हणाली की मी शिकवले, म्हणून मी हो म्हटलं. मला काहीच आठवत नाही.”

“अरे, रोज तर बसायचास माझ्याजवळ. ओट्यापाशी. महिनाभर,” आई म्हणाली. “आता तरी आठवतंय ना?”

“नो, आई. अजूनही नाही.”

तो महिना आईच्या आयुष्यातला किती सुखाचा महिना होता! मोठा झालेला लेक रोज तासभर तिच्यापाशी बसत होता, हसत होता... आणि त्याच्या लेखी तो महिना झालाच नव्हता. अजून एक धक्का बसला असता तर आणखी काय काय गेलं असतं, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही. ती पलंगाशी आली आणि लेकीचे दोन्ही हात धरून खाली बसली.

“मी त्याला मारायलाच निघाले होते ग. तू वाचवलंस, आणि मी तुलाच...”

“आई, नको,” यामिनी म्हणाली. तेवढं म्हणताना मात्र तिचा बांध फुटला. इतक्या दिवसांचं, कदाचित इतक्या वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि शार्दूल दोघींकडे अपराध्यासारखा बघत राहिला.

मग आई उठली, तोंड धुतलं, साडी बदलली. त्या मॅनेजरला मी स्वतः सांगणार, म्हणाली. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालेल, शब्द मी चोरले एवढं सांगण्यापुरतं येतं. नोकरी परत मिळणार नाही, हंगामच संपलाय, असं यामिनीने परोपरीने सांगून पाहिलं. नोकरीसाठी नाही जात, आई म्हणाली.

यामिनीने सवयीने किल्ली उचलली. आईने ती तिच्या हातातून काढून घेतली.

“मी चालवते. तू मागे टेकून बस जरा.”

हायवेवर आईने कधी गाडी घातली नव्हती. यामिनी काहीतरी म्हणणार होती, पण पट्टा लावून तिने डोकं टेकलं, आणि कोपऱ्यावरचा स्टॉप साइन यायच्या आत तिला गाढ झोप लागली. आईने रेडिओ बंद केला आणि हायवे टाळून, लांबच्या रस्त्याने, सावकाश, गाडी डेट्रॉइटकडे घेतली.